पाण्याचा ठराव मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले



आपल्या मालवण मुलखातला माणूस कामाधंद्याला मुंबईस गेला, की त्याची दोन ठिकाणी एकदा तरी फेरी होतेच. कोणी प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभा राहतो, तर आपला बौद्ध बांधव 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर नतमस्तक होतो. या दोन्ही गर्दींच्या मधे एक रस्ता आहे. सिद्धिविनायक मंदिरासमोरून दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या दिशेने जाणारा हा रस्ता. त्याचे नाव एस. के. बोले मार्ग. टॅक्सीवाल्याला आपण ते नाव सांगतो, पत्रावर लिहितो, बसच्या खिडकीतून पाटी वाचतो. पण हे बोले कोण, असा प्रश्न किती जणांना पडतो? आम्हालाही कितीतरी वर्षे पडला नव्हता.

विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्यावर लेख घ्यावा की नको, यावर आमच्या मंडळींत बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, ते बौद्ध नव्हते. कोणी म्हणालं, ते आपल्या समाजाचेही नव्हते, भंडारी समाजाचे होते. आणि एका जाणत्या बंधूने तर स्पष्टच विचारलं, की उतारवयात ते हिंदू महासभेत गेले, मग आपल्या स्मरणिकेत त्यांना पाने कशाला? तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीसुद्धा आम्ही हा लेख देत आहोत. का, ते वाचून झाल्यावर वाचकांनीच ठरवावे.

किनाऱ्याचा समाज, गिरणगावचे काम

सीताराम केशव बोले यांचा जन्म 1868-69 च्या सुमाराचा. म्हणजे ते बाबासाहेबांपेक्षा वयाने बावीस-तेवीस वर्षांनी मोठे. भंडारी समाज म्हणजे आपल्या किनाऱ्याचा समाज. माडावर चढणारा, माडी काढणारा, बागायत राखणारा. इंग्रज सरकारने 1878 चा अबकारी कायदा आणला, माडांवर जबर कर बसवला आणि या समाजाच्या पिढीजात धंद्याची कंबर मोडली. पुष्कळ भंडारी घरे मुंबईच्या वाटेला लागली. गावात मंदिराच्या पायरीशी आपला माणूस थांबे, भंडारी दोन पायऱ्या वर असे. पण गाभाऱ्यापासून तोही लांबच. वरून दाब बसणं म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक होतं. ज्याच्या पायात काटा मोडला त्यालाच दुसऱ्याचं लंगडणं कळतं, असं म्हणतात. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं ठरत नाही. बोल्यांच्या बाबतीत खरं ठरलं.

मुंबईत त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो गिरणी कामगारांच्या प्रश्नाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी एकोणिसाव्या शतकात कामगारांना एकत्र आणण्याची वाट पाडली होती. लोखंड्यांनंतर ती वाट सुनी पडू लागली होती. 1909-10 च्या सुमारास बोले, तालचेरकर आदी मंडळींनी कामगार हितवर्धक सभा उभी केली. आजच्या युनियनसारखी ती लढाऊ नव्हती. अर्ज करणे, सरकारपुढे गाऱ्हाणे मांडणे, मालक-मजूर यांच्यात तडजोड घडवणे, अशी तिची पद्धत. पण तेव्हा गिरणीत दिवा लावून पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसं राबवून घेत. कामाचे तास कमी करा ही मागणी सभेने लावून धरली. 1911 च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस 12 तासांवर आला. आज 12 तास ऐकून आपण कपाळाला हात लावतो. त्या वेळच्या कामगाराला तेवढाही श्वास मोठा वाटला.

त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं केवढी होती, हे सांगायला नको. आपला सिंधुदुर्ग जिल्हा 1981 च्या 1 मे रोजी वेगळा झाला. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ले ही सगळी रत्नागिरीचीच. आमच्या प्रत्येक वाडीतून कोणी ना कोणी गिरणीत होता. आणि तिथेही आपल्या माणसाला कापड खात्यात, साच्यावर घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, हे कारण! पगार जास्त त्या खात्याचं दार बंद. बोल्यांनी हे जवळून पाहिलेलं होतं.

1907 ची ती सभा

आता आपल्या काळजाच्या गोष्टीकडे येऊ.

1907 साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर नावाचा परळच्या चाळीत राहणारा मुलगा मॅट्रिक झाला. महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणं म्हणजे त्या काळी केवढी नवलाई! त्याचा सत्कार करण्यासाठी सभा भरली. चरित्रकार धनंजय कीर लिहितात, की त्या सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. आणि त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या मुलाच्या हातात स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र ठेवलं. ते पुस्तक 1898 साली प्रसिद्ध झालेलं होतं.

केळुसकर गुरुजी कुठले? आपलेच. मालवणहून कर्लीची खाडी ओलांडली, की पलीकडे वेंगुर्ले तालुका. त्या तालुक्यातल्या समुद्राकाठच्या केळूस गावी 1860 मध्ये त्यांचा जन्म झाला. मुंबईत ते शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच पुस्तक वाचत बसणारा भीमराव त्यांच्या नजरेस पडला, ओळख झाली आणि त्यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही गुरुजींचाच पुढाकार होता.

म्हणजे पाहा. व्यासपीठावर किनाऱ्यावरच्या भंडारी समाजातला अध्यक्ष, शेजारी केळुसचा मराठा मास्तर, आणि समोर सोळा वर्षांचा महाराचा मुलगा. हातात बुद्धचरित्र. त्या दिवशी त्या सभागृहात कोणालाही कल्पना नसेल, की 49 वर्षांनी या मुलाच्या मागून लाखो माणसं बुद्धाला शरण जाणार आहेत. बी पडतं तेव्हा आवाज होत नाही. आपल्या विहारात आज आपण बुद्धमूर्तीपुढे बसतो, त्याच्या मुळाशी अनेक गोष्टी आहेत. त्यांतली एक ही सभा आहे. हे विसरणं बरं नाही.

कौन्सिल म्हणजे काय होतं

बोले मुंबई कायदे कौन्सिलात गेले. आजच्या तरुणांना आमदार म्हटलं की कार्यालयासमोरची गर्दी, विकासनिधी हे डोळ्यांसमोर येतं. तेव्हाचं कौन्सिल निराळं. 1919 च्या सुधारणांनंतर 1921 पासून जे मुंबई इलाख्याचं कौन्सिल बसलं, त्यात शंभरावर सभासद होते. सगळे निवडून आलेले नव्हते. काही सरकारने नेमलेले, काही खुद्द सरकारी अधिकारी. मतदानाचा हक्क सर्वांना नव्हता. शेतसारा, घरभाडे, कर यांवर तो ठरे. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याकडे मत नाही. आपल्या समाजाकडे जमीन किती होती, हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारा! म्हणून अस्पृश्य समाजाचा प्रतिनिधी निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता. सरकार नेमील तेवढा एखाददुसरा.

कामकाज बहुतेक इंग्रजीत. हिवाळ्या-उन्हाळ्यात मुंबईला, पावसाळ्यात पुण्याला अधिवेशन. काँग्रेसने पहिल्या निवडणुकीवर बहिष्कार घातलेला, त्यामुळे ब्राह्मणेतर पक्षाची मंडळी बऱ्यापैकी आत आली. बोले त्याच विचाराचे, सत्यशोधकी वळणाचे. सरकारने रावबहादूर ही पदवी दिली म्हणून राष्ट्रीय म्हणवणारी मंडळी त्यांना नावं ठेवीत. पण पदवी घेऊन स्वस्थ बसणारे आणि पदवीचा उपयोग करून घेणारे, असे दोन प्रकारचे लोक असतात. बोले दुसऱ्या प्रकारचे. अशा सभागृहात, जिथे आपला आवाज जवळजवळ नव्हताच, तिथे त्यांनी आपला प्रश्न उभा केला.

4 ऑगस्ट 1923

तो दिवस 4 ऑगस्ट 1923. बोल्यांनी कौन्सिलपुढे ठराव मांडला. त्याचा मतितार्थ असा होता: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांतही त्यांना मोकळीक असावी. ठराव मंजूर झाला. इतिहासात तो बोले ठराव म्हणूनच ओळखला जातो.

त्यातला युक्तिवाद नीट लक्षात घेण्यासारखा आहे. देव काय म्हणतो, शास्त्र काय म्हणतं, या वादात बोले शिरले नाहीत. त्यांनी बोट ठेवलं पैशावर. विहीर सरकारी पैशाने खणली ना? मग तो पैसा कुणाचा? रयतेचा. त्या रयतेत महार आहे, चांभार आहे, मांग आहे. कर घेताना विटाळ होत नाही, मग पाणी देताना का होतो? साधी गोष्ट, पण तिला उत्तर नव्हतं.

आमच्या लहानपणी वाडीतल्या म्हाताऱ्या बाया सांगत, की बावीपासून चार हात लांब कळशी ठेवून त्या बसून राहायच्या. वरची कोणी बाई आली, तिच्या मनात आलं, तर ती वरून ओतणार. नाही आलं मनात, तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहायचं. घरात पोर रडत असेल, चूल विझली असेल, पण हात लावायचा नाही. एक म्हातारी तर म्हणायची, की तहानेपेक्षा वाट बघण्याचंच जास्त दुखायचं. बोल्यांनी कौन्सिलात काय मांडलं हे त्या बाईला कधी कळलं नाही. पण मांडलं ते तिच्याचसाठी होतं.

ठराव झोपला

ठराव झाला, पुढे काय? सरकारने 11 सप्टेंबर 1923 रोजी हुकूम काढला. त्यात एक बारीक भेद होता, आणि सगळं तिथेच अडलं. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागा आणि संस्था यांच्यासाठी खातेप्रमुखांना अंमलबजावणीचा आदेश होता. पण नगरपालिका, लोकल बोर्डे यांच्याबाबत कलेक्टरांनी नुसता सल्ला द्यायचा होता, की बाबांनो, या शिफारशीचा विचार करावा.

आणि गावच्या विहिरी, शहरांची तळी तर बहुतेक याच संस्थांच्या ताब्यात! सल्ला म्हणजे काय, तर ऐकला तर ऐकला. नगरपालिकांत आणि बोर्डांत बसलेली माणसं कोण होती? ज्यांच्या बायका वरून पाणी ओतायच्या, तीच. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि ठेवून दिला.

आपल्या भागात तर आणखी एक अडचण. मालवण, देवगड, वेंगुर्ले हा इंग्रजी मुलूख. पण लागून सावंतवाडी संस्थान. मुंबई कौन्सिलचा ठराव संस्थानाच्या हद्दीत लागू होत नव्हता. एका ओढ्याच्या अलीकडे ठराव, पलीकडे तोही नाही. अर्थात अलीकडेही तो कागदावरच होता, ही गोष्ट निराळी.

काही ठिकाणी मात्र माणसं जागी होती. महाडच्या नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले. तेथे सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे कायस्थ समाजातले सुधारक कारभारात होते. पण तळे खुले झाले आणि तळ्यावर कोणी गेले नाही. जाणार कसे? नगरपालिकेचा ठराव दिवसा सोबत येईल, रात्री घरावर दगड पडले तर सोबत कोण?

पुन्हा 5 ऑगस्ट 1926

इथे बोल्यांचं खरं मोठेपण दिसतं. ठराव मांडून, टाळ्या घेऊन, वर्तमानपत्रात नाव छापून आणून घरी बसणारे आमदार तेव्हाही होते, आजही आहेत. बोल्यांनी पाठपुरावा केला. तीन वर्षे झाली, काही हललं नाही, हे पाहून 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्यात शिफारस होती.

याला म्हणतात दुखरी नस दाबणं! धर्म बुडेल म्हणून ओरडणाऱ्या माणसाला अनुदान बुडेल म्हटलं, की तो जरा थांबून विचार करतो. हाही ठराव मंजूर झाला. शिफारसच होती ती, सरकारवर बंधन नव्हतं, आणि एका रात्रीत विहिरी उघडल्या असं काही घडलं नाही. पण आधी जो सल्ला होता त्याच्या मागे आता निदान धाक उभा राहिला. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याच कौन्सिलात बाबासाहेब नामनियुक्त सभासद म्हणून आले, डॉ. सोळंकीही आले. ज्या मुलाच्या सत्काराचं अध्यक्षपद बोल्यांनी भूषवलं होतं, तो आता बॅरिस्टर होऊन त्यांच्याच सभागृहात बसला!

कागदाला पाय फुटले

19 आणि 20 मार्च 1927. महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावागावांतून माणसं चालत आली. परिषदेच्या शेवटी अनंतराव चित्रे यांनी सुचवलं, की नगरपालिकेने तळे खुले केलेच आहे, तर आता जाऊन पाणी पिऊया. बाबासाहेबांच्या मागे रांगेने माणसं निघाली. शिस्तीत, शांतपणे. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं. मग हजारोंनी घेतलं. पुढे काय झालं, ते आपल्या पोराबाळांनाही पाठ आहे. देवळात शिरणार अशी अफवा उठली, माणसांची डोकी फुटली, आणि मग तळ्याचं शुद्धीकरण झालं शेणागोमूत्राने.

पण एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती भाषणांत सहसा येत नाही. महाडला आपली माणसं गेली ती चोरून नव्हे, दांडगाईने नव्हे. कायदे कौन्सिलचा ठराव आणि नगरपालिकेचा ठराव पाठीशी घेऊन गेली. कायदा आपल्या बाजूचा होता. मोडणारे समोरचे होते. ही जमीन पायाखाली कोणी घातली? 1923 च्या ठरावाने.

समोरच्यांनाही ते कळलं होतं. म्हणूनच त्या नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. कोणत्या तारखेला? 4 ऑगस्ट 1927. बोले ठरावाला बरोब्बर चार वर्षे पुरी झाली त्या दिवशी! मुद्दाम केलं की योगायोगाने, देव जाणे. डिसेंबर 1927 मध्ये सनातन्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला, की तळे खाजगी आहे. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जळाली, पण तळ्यावर जाणं बाबासाहेबांनी तहकूब केलं, कारण भांडण सरकारशी नव्हतं आणि कोर्टाचा मान राखायचा होता. दावा खालच्या कोर्टातून वर गेला. मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. ठरावाच्या तारखेपासून मोजलं, तर साडेतेरा वर्षांहून अधिक. एक ओंजळ पाण्यासाठी!

आणखी काही कामे

बोल्यांचं काम पाण्यापुरतं नव्हतं. गावजोशाचा हक्क नावाची एक पीडा तेव्हा होती. तुम्ही भटजी बोलवा की बोलवू नका, दुसऱ्याकडून लग्न लावा की स्वतः लावा, गावच्या जोशाची दक्षिणा बुडवायची नाही. बुडवली तर तो कोर्टात खेचायचा. सत्यशोधक मंडळी या प्रश्नावर फुल्यांच्या काळापासून झगडत होती. बोल्यांनी तो कौन्सिलात धसास लावला आणि 1926 मध्ये कायदा होऊन, न केलेल्या विधीची दक्षिणा वसूल करण्याचा हक्क संपला. आज आपल्या घरी बौद्धाचार्य येऊन मंगल परिणय लावतात, त्रिसरण-पंचशील होतं, आणि कोणी दक्षिणेसाठी दारात दावा घेऊन उभा राहत नाही. त्या मोकळिकीमागे हाही एक जुना कायदा आहे.

खोतीचंही तसंच. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत म्हणजे गावचा धनी. कुळाने पिकवायचं, खोताने न्यायचं, वर वेठबिगार. खोतीविरुद्ध कौन्सिलात आवाज उठवणाऱ्यांत बोले पहिल्या फळीत होते. त्या काळी ते जमलं नाही. पुढे 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, 10 जानेवारी 1938 ला कोकणातली कुळं मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने धडकली. तेव्हाही नाही झालं. शेवटी 1949 चा कायदा होऊन 1950 मध्ये खोती गेली. एकाने नांगरलं, दुसऱ्याने पेरलं, कापणी तिसऱ्याच्या वेळी झाली. विधिमंडळातलं काम असंच असतं. म्हणून त्यात टिकून राहणाऱ्या माणसाला धीर लागतो.

दादरला 1926 च्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा, म्हणून प्रबोधनकार ठाकरे आणि मंडळींनी जो तंटा मांडला, त्यातही बोले होते. आपण आज गणपतीपूजक नाही. पण तो प्रश्न पूजेचा नव्हताच. वर्गणी घेता तर मंडपात का घेत नाही, हा होता. पुन्हा तोच बोल्यांचा हिशोब! पैसा सगळ्यांचा, तर जागाही सगळ्यांची.

उणे बाजू

आता त्या जाणत्या बंधूच्या प्रश्नाकडे. होय, उतारवयात बोले हिंदू महासभेच्या व्यासपीठावर गेले. अस्पृश्यता घालवून हिंदू समाज एक करता येईल, अशी त्यांची श्रद्धा. बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्याला सांगून टाकलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दोघांच्या वाटा फुटल्या. बोल्यांची वाट आपली नव्हे आणि ती आपली असल्याचा आव आम्ही आणणार नाही.

पण माणसाचं माप घेताना त्याच्या शेवटच्या मुक्कामावरून सगळा प्रवास खोटा ठरवायचा का? तथागतांनी सांगितलेल्या सद्गुणांत कृतज्ञता आहे. कृतज्ञतेला अट घालता येत नाही, की आधी माझ्या मताचा हो, मग तुझे उपकार मानीन. 1923 साली कौन्सिलात बोले उठून उभे राहिले नसते, तर दुसरा कोणी राहिला असता कदाचित. पण उभे राहिले ते बोले. एवढं मान्य करायला आपलं काय जातं?

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली तेव्हा बोले हयात होते, नव्वदीच्या घरात. 1907 च्या सभेतलं ते बुद्धचरित्र कुठवर पोहोचलं, हे त्यांना पाहायला मिळालं. केळुसकर गुरुजींना नाही मिळालं. ते 1934 मध्येच गेले. डिसेंबर 1956 मध्ये बाबासाहेब गेले. ज्याच्या सत्काराला अध्यक्ष म्हणून बसले, त्याच्या मागे राहण्याची पाळी या वृद्धावर आली. 1961 साली, नव्वदी ओलांडून, रावबहादूर बोलेही गेले.

आपल्यासाठी शिल्लक काय

भारतीय संविधानाचं 15 वं कलम काढून वाचा. त्याच्या दुसऱ्या भागात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या अशा जागा वापरण्यास कोणालाही जातीच्या कारणावरून अडवता येणार नाही, असं त्यात आहे. 1923 चा बोले ठराव शेजारी ठेवा. तोच पाणवठा, तोच सार्वजनिक पैसा. फरक एवढाच, की 1923 ला ती शिफारस होती, 26 जानेवारी 1950 पासून तो मूलभूत हक्क झाला. पुढे 1955 ला अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. सल्ला, धाक, हक्क, शिक्षा. एवढ्या चार पायऱ्या चढायला 32 वर्षे लागली.

आज आमच्या वाडीत नळ आहे. वळलेली कळशी घेऊन बावीपाशी बसणारी ती पिढी आता उरली नाही. पण म्हणून ठरावाचं काम संपलं असं नाही. ग्रामसभेत ठराव होतात. आपली किती तरुण मुलं तिथे बसून ऐकतात? पाणीयोजना कुठून जाणार, रस्ता कोणत्या वाडीपर्यंत येणार, स्मशानशेडला पैसे मिळणार की नाही, हे सगळं त्या कागदांवर ठरतं. आम्ही जयंतीला मिरवणूक मोठी काढतो, काढलीच पाहिजे. पण ग्रामसभेच्या दिवशी आमची वाडी रिकामी नको. ठराव वाचायला शिका, झाला की त्याची नक्कल मागा, अंमल झाला नाही की तीन वर्षांनी बोल्यांसारखं पुन्हा उभं राहा. आणि एवढं करून तो झोपला, तर महाडची वाट आहेच. नुसता कागद तळ्यापर्यंत चालत जात नाही. आणि कागद पाठीशी नसेल, तर चालणाऱ्याला गुन्हेगार ठरवतात. दोन्ही लागतं. बोल्यांनी कागद दिला, बाबासाहेबांनी त्याला पाय दिले.

पुढच्या वेळी मुंबईला चैत्यभूमीवर जाल, तेव्हा परतताना त्या रस्त्यावरची पाटी एकदा थांबून वाचा. सोबत लेकरं असतील तर त्यांनाही सांगा, की हा माणूस आपल्या किनाऱ्याच्या समाजातला, आणि आपल्याला पाणी मिळावं म्हणून हा एकदा नव्हे, दोनदा उभा राहिला.

जयभीम! नमो बुद्धाय!